आप्पांच्या चपलेत खिळा नाही, मग पोटात पिना कशाला?

पत्र थोडक्यात: कापशी भागातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचे वडील, आप्पा, ६४ वर्षांचे. वयाच्या पंधराव्या वर्षापासून कोल्हापुरी चपला शिवतात. गेले चार महिने थकवा होता, चेहरा पांढराफटक पडला, वजन सात किलोनं उतरलं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ दिसली, तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये तो बाहेर पसरलेला दिसत नाही. कोल्हापुरातले एक तरुण सर्जन म्हणतात, उजवं आतडं काढून उरलेली दोन टोकं स्टेपलरनं जोडू. दुसरे ज्येष्ठ सर्जन म्हणतात, मी हातानंच शिवतो, स्टेपलर लागत नाही. स्टेपलरचा खर्च वेगळा आहे. भाऊ म्हणतो, महाग आहे तर चांगलंच असणार, कर्ज काढू. काका म्हणतात, हे सगळं कंपन्यांच्या कमिशनचं आहे. आप्पांना 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. पण पिनांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं आणि ते बिथरले: "माझ्या चपलेत म्या कधी खिळा मारला न्हाई, आन् माझ्या पोटात पिना मारनार व्हय?" ताई विचारतात, पिना की दोरा? आणि पिना जन्मभर आत राहिल्या तर पुढं काय?

ताई,

आप्पांचं वाक्य मी तीनदा वाचलं. घरच्यांना ते हट्टाचं वाटलं असेल, मला मात्र ती एका कारागिराची रास्त शंका वाटली. ज्यानं आयुष्यभर आरीनं भोक पाडून चामड्याची वादी ओवली, त्याला जोड म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यामुळे पहिलं उत्तर त्यांच्या शंकेला देते.

मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. सर्जनच्या हातात दोराही मी दिला आणि स्टेपलरही. आप्पांच्या डोळ्यांसमोर कागदाची पिन किंवा चपलेचा खिळा असणार. आतड्याची पिन तशी नसते. ती टायटॅनियमच्या तारेची असते आणि तार एवढी बारीक की तळहातावर घेतली तर चष्म्याशिवाय दिसायची नाही. नेहमीच्या निळ्या कार्ट्रिजमधल्या, म्हणजे यंत्रात बसवायच्या पिनांच्या डबीतल्या, पिनेचे पाय साडेतीन मिलिमीटर उंच असतात. यंत्र दाबलं की ते आत वळतात आणि पिन इंग्रजी 'बी' अक्षरासारखी मिटते. मिटल्यावर उंची उरते साधारण दीड मिलिमीटर. त्या 'बी'च्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात. खिळा चामडं दाबून मारतो. ही पिन आतड्याला चेपून टाकत नाही, दोन थर एकमेकांशी धरून ठेवते.

उजव्या बाजूच्या ऑपरेशनात बहुतेक वेळा असं करतात: लहान आतड्याचं टोक आणि आडव्या मोठ्या आतड्याचं टोक शेजारी शेजारी ठेवतात. दोघांना एकेक छोटं छिद्र पाडून स्टेपलरचा एकेक जबडा आत सरकवतात. जबडे मिटले की सर्जन लगेच दाबत नाहीत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पंधरा सेकंद मोजायची. तेवढ्यात आतड्यातलं पाणी बाजूला सरतं आणि पिनांना सारख्या जाडीचा थर मिळतो. मग मूठ आवळली की पिनांच्या दोन-दोन किंवा तीन-तीन रांगा दोन्ही बाजूंना बसतात आणि मधोमध पातं फिरून दोन नळ्यांची वाट एक होते. एका रांगेतली फट दुसऱ्या रांगेतल्या पिनेनं झाकली जाते. आप्पांना हे सांगून बघा, त्यांना लगेच उमजेल.

राहिलेलं छिद्र कधी दुसऱ्या कार्ट्रिजनं बंद करतात, कधी दोऱ्यानं. बरेच सर्जन कोपऱ्यावर, जिथं ताण येतो तिथं, वरून एखादा टाका घालतातच. म्हणजे तुम्ही विचारलेला 'पिना की दोरा' हा प्रश्न टेबलावर बऱ्याचदा 'पिना आणि दोरा' असा सुटतो. तुमच्या घरातलं निम्मं भांडण इथंच मिटायला हरकत नाही.

धातू जन्मभर आत राहण्याचं म्हणाल, तर टायटॅनियम गंजत नाही आणि शरीर त्याला मुकाट्यानं आपलंसं करतं. चुंबकाला ते चिकटत नाही, त्यामुळे पुढं कधी एमआरआय करावा लागला तरी करता येतो. फक्त आधी सांगायचं आणि डिस्चार्ज कार्ड दाखवायचं. दोऱ्याचं म्हणाल, तर आतड्याला वापरतात तो दोरा बहुधा विरघळणारा असतो, दोन महिन्यांत किंवा त्याहून जास्त काळात नाहीसा होतो. तोवर आतडं आपलं आपण सांधलेलं असतं. जन्मभर जोड धरून ठेवायचं काम ना पिनेचं, ना दोऱ्याचं. पहिले काही दिवस हात धरायचा, मग शरीर आपलं काम करतं.

आप्पा कदाचित म्हणतील, हे कसलं नवं खूळ. त्यांना सुश्रुताची गोष्ट सांगा. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा जवळ धरून त्यांना मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घ्यायला सांगितलंय. मुंगीनं पकड घेतली की तिचं धड तोडायचं आणि डोकं तसंच ठेवायचं. चिमट्यासारखी पकडून राहणारी वस्तू आतड्यात सोडून द्यायची ही कल्पना आपल्याकडं फार जुनी आहे. यंत्र मात्र अलीकडचं. १९०८ मध्ये बुडापेस्टच्या ह्यूमेर ह्युल्टल यांनी पहिलं यंत्र वापरलं, ते साडेतीन किलोच्या वर भरायचं आणि त्यात पिना भरून तयार करायला दोन तास लागायचे. पुढं रशियन डॉक्टरांनी ते सुधारलं. १९५८ मध्ये अमेरिकन सर्जन मार्क रॅव्हिच यांनी कीव्हमध्ये ते पाहिलं आणि १९६० च्या दशकात ते तिकडं रुळलं. आजच्या यंत्रामागं शंभर वर्षांचा घासूनपुसून झालेला अनुभव आहे.

आता भाऊ आणि काका. दोघंही एकाच गोष्टीवरून निकाल देतायत, ती म्हणजे किंमत. भावाला महाग म्हणजे चांगलं वाटतं, काकांना महाग म्हणजे लबाडी. पण आतड्याला किंमत कळत नाही. आकडे काय म्हणतात ते बघा. आप्पांच्या ऑपरेशनसारख्या, म्हणजे लहान आतडं मोठ्या आतड्याला जोडण्याच्या सात चाचण्यांचे निकाल कॉक्रेन या संस्थेनं एकत्र मांडले होते. त्यात १,१२५ रुग्ण होते. स्टेपलरनं जोडलेल्या ४४१ पैकी ११ जणांच्या जोडातून गळती झाली, हातानं शिवलेल्या ६८४ पैकी ४२ जणांच्या. भाऊ हे वाचून म्हणेल, बघा! पण पुढं २०१५ मध्ये युरोपातल्या ३,००० हून जास्त रुग्णांची रोजच्या कामातली नोंद तपासली गेली, तेव्हा चित्र उलटं दिसलं. स्टेपलरच्या बाजूला गळती थोडी जास्त निघाली. माझं स्वतःचं मत विचाराल तर उजव्या बाजूच्या जोडाला मी दोन्ही पद्धती बरोबरीच्या मानते. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलाय, ती पद्धत त्याच्याकडं चांगली.

म्हणून प्रश्न बदला. तरुण डॉक्टरांना 'स्टेपलर चांगला का' असं विचारू नका. 'ही उजव्या बाजूची ऑपरेशनं तुम्ही वर्षाला साधारण किती करता, आणि बहुतेकदा कशानं जोडता?' असं विचारा. हाच प्रश्न ज्येष्ठ डॉक्टरांना विचारा. जे आयुष्यभर हातानं शिवत आलेत त्यांना तुमच्या आग्रहाखातर स्टेपलर धरायला लावू नका, आणि जे रोज स्टेपलर वापरतात त्यांना आप्पांच्या हट्टाखातर दोरा घ्यायला लावू नका. तुम्ही आप्पांच्या हातून रापी काढून घेऊन त्यांना मशीनवर बसवाल का?

आणखी एक प्रश्न दोघांनाही विचाराच, कारण कॅन्सरसाठी तो पिनांपेक्षा मोठा आहे: गाठीबरोबर तिथल्या रक्तवाहिनीच्या मुळाशी असलेल्या लसीका ग्रंथी, म्हणजे कॅन्सर पसरू शकतो त्या बारीक गाठी, नीट निघणार ना? काढलेल्या भागात निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात असा दंडक आहे. त्यांच्या रिपोर्टवर पुढं केमोथेरपी लागेल की नाही ते ठरतं. या प्रश्नाला जो डॉक्टर बसून, कागदावर चित्र काढून उत्तर देईल, त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

आता जे तुम्ही विचारलंच नाही, ते. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय: हिमोग्लोबिन ८.४, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.८, म्हणजे दोन्ही कमी, आणि बिडी दिवसाला एक बंडल. ताई, मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली. जोड टिकतो तो तीन गोष्टींवर: दोन्ही टोकांना रक्त पोचतंय का, टोकं ताण न पडता जवळ येतायत का, आणि माणसाच्या अंगात सांधायला माल आहे का. पहिल्या दोन सर्जनच्या हातात आहेत. तिसरी बऱ्याच अंशी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. चामडं सुकं पडलेलं असेल तर कितीही चांगली वादी ओवा, भोकाशी फाटतंच. आप्पांना हे सांगायची गरजही पडणार नाही.

पोट फुगणं, सारख्या उलट्या, शौच आणि वारा दोन्ही बंद, यातलं काही नसेल तर आप्पांना सुधारायला दोनेक आठवडे मिळतील का, हे सर्जनना विचारा. अशी लक्षणं असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. वेळ मिळाला तर रक्त वाढवण्यासाठी लोहाचं इंजेक्शन देता येतं. खाण्यात रोज दोन-तीन अंडी, दूध, डाळ, आणि घरात चालत असेल तर मटणाचं अळणी. मसाला घालायच्या आधी पातेल्यातून वाटीभर काढून ठेवायचं, तेच. भूक मेलेली असते, म्हणून थोडं थोडं सहा वेळा द्या. बिडी आजच बंद. धुरानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडाला नेमकं तेच सोसत नाही. मधुमेह असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या लपवू नका. संध्याकाळी त्यांना गल्लीत अर्धा तास चालवा.

खर्चाचं सरळ सांगते. यंत्रापेक्षा कार्ट्रिजांचं बिल वाढतं, प्रत्येकी काही हजार. या ऑपरेशनला दोन, तीन, कधी चार लागतात. किती लागतील याचा अंदाज आधी लेखी मागा. डिस्पोजेबल असेल तर नवं, सीलबंद पाकीट वापरणार ना हे संकोच न करता विचारा, आणि वापरलेल्या प्रत्येक कार्ट्रिजचं स्टिकर फाईलला लावायला सांगा. बिलाशी ताळा तिथंच जुळतो. पण कर्ज काढायच्या आधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. स्टेपलर पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा लावणार, हे त्याच्यासमोरच स्पष्ट करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही चौकशी करा. सरकारी म्हणून नाक मुरडू नका, मेडिकल कॉलेजला जोडलेलं रुग्णालय आहे, अशा ऑपरेशनांचा सराव असलेले हात तिथं असतात. स्टेपलर परवडत नाही म्हणून हातानं शिवून घेतलं तर आप्पांसाठी कमी केलं, असं मनात आणू नका. वरचे आकडे पुन्हा वाचा.

ज्यांच्या घरी गाठ खाली, गुदाशयाजवळ आहे त्यांच्यासाठी हिशोब वेगळा आहे. ओटीपोटाच्या तळाशी हात जेमतेम पोचतो. तिथं गोल स्टेपलर खरोखर वरदान आहे, नाहीतर कित्येकांना शौचासाठी पोटावर कायमची पिशवी लागली असती. तो उडवला, म्हणजे दाबून पिना मारल्या, की दोन्ही टोकांच्या दोन कड्या कापून बाहेर येतात. त्या मी गॉजवर ठेवून सर्जनना दाखवायची. दोन्ही अखंड गोल असल्या तर ठीक, कुठं तुटल्या असतील तर तिथं जोड कच्चा. मग ओटीपोटात सलाईन भरून गुदद्वारातून हवा सोडतात. बुडबुडे आले नाहीत की सगळ्यांचे खांदे खाली यायचे. तिथला जोड नंतर आकसून अरुंद होण्याचं प्रमाण स्टेपलरमध्ये जास्त दिसतं, पण तो बहुधा फुग्यानं रुंद करता येतो. आणि काही महिन्यांसाठी पोटावर पिशवी लावली, तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. खालचा जोड भरेपर्यंत त्याला दिलेली ती विश्रांती असते.

ऑपरेशननंतरचं आता नीट वाचा. जोड पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कच्चा असतो आणि गळती झाली तर बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास कळते. तेव्हा माणूस कधी कधी घरी आलेला असतो. माझ्या मोठ्या दिरांचं असंच झालं. पाचव्या दिवशी त्यांना उचकी लागली, थांबेना. डावा खांदा दुखतो म्हणाले, नाडी ११८. मी ड्युटीवर होते आणि घरचे सगळे बिलाच्या काउंटरवर भांडत उभे होते. वॉर्डात पित्ताची गोळी दिली आणि रात्र गेली. सकाळी पोट लाकडासारखं घट्ट होतं. दुसरं ऑपरेशन झालं, सात महिने पिशवी होती, माणूस वाचला. पण ती एक रात्र मी अजून विसरले नाही. जोड कशानं केला होता हे आमच्यातल्या कुणाला आठवतही नाही.

म्हणून कॉटजवळ जो बसेल त्यानं वहीत रोज सकाळ-संध्याकाळ नाडी, ताप, आणि आप्पा किती चालले ते लिहावं. नाडी चढत चालली, ताप आला, पोट फुगलं, दुखणं कमी व्हायचं ते वाढलं, उचकी थांबेना, खांद्यात कळ आली, ड्रेनमधलं, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीतलं, पाणी गढूळ किंवा शेणकट झालं, किंवा नुसतं 'आज काहीतरी बरं वाटंना' असं आप्पा म्हणाले, तरी त्याच क्षणी डॉक्टरांना बोलवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि डिस्चार्जनंतर आठवडाभर गावी नेऊ नका. कोल्हापुरात नातेवाइकाकडं ठेवा. रात्री-अपरात्री गाडी शोधण्यात तास जायला नको.

राहता राहिली 'गाठ'. आप्पांना कॅन्सर हा शब्द सांगितला नाही तो त्यांच्यावरच्या प्रेमापोटी, हे मला कळतं. पण त्यांना भिंतीपलीकडून पिनांचं बोलणं ऐकू येतं, म्हणजे अर्धं त्यांना कळलेलंच आहे. ज्या माणसाला बिडी सोडायचीय, भूक नसताना सहा वेळा खायचंय, पोट दुखत असताना दुसऱ्या दिवशी उठून चालायचंय, त्याला ते कशासाठी हे कळायला नको? 'खिळा नको' म्हणण्यात मला तरी पिनांपेक्षा याचीच भीती जास्त ऐकू येते: माझ्या अंगाचं सगळं मला न विचारता ठरतंय.

पुढच्या भेटीला आप्पांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, आत घेऊन जा. डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की वडील चपलेचे कारागीर आहेत, त्यांना पिन हातात घेऊन बघायचीय. डेमोचं जुनं कार्ट्रिज बऱ्याच सर्जनकडं असतं. स्पंजच्या तुकड्यावर एकदा उडवून दाखवायला सांगा. आप्पा तो जोड दोन्ही हातांनी ताणून बघतील, उलटा करतील, रांगा मोजतील. त्यांना घाई करू नका. मग ते जे विचारतील ते त्यांनाच विचारू द्या. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट तेवढा पिशवीत घ्यायला विसरू नका.